न मोजलेलं दहावं डोकं

या सदरात येणारे अगम्य अनुभव मी नेमाने वाचतो, पण चुका काढायला. पेन्सिल घेऊनच बसतो. वर लिहिलंय अमावास्या आणि खाली अंगणात चांदणं पडलंय... कर खूण! बायको म्हणते, "तुम्हाला देव भेटला तरी तुम्ही आधी त्याचं रेशनकार्ड मागाल." मागेनच. न मागायला काय झालं?

आमच्या घरात या गोष्टींना थाराच नव्हता. छप्पन्न साली वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळे देव एका फडक्यात बांधून पाण्यात सोडून आले. आईने तीन दिवस डोळ्याला पदर लावला होता, आता काहीतरी अरिष्ट येणार म्हणून. काही आलं नाही. चौथ्या दिवशी वडील म्हणाले, "पाय, झालं का काही?" मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवसापासून भूत, देव, अंगात येणं, नजर लागणं, सगळं माझ्या लेखी संपलं. तेव्हा खाली लिहितोय ते हौस म्हणून लिहीत नाही. साठ वर्षं गप्प बसलो, आता वय झालं, म्हणून लिहितोय.

साल १९६३. मी नागपूरला एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय मानववंशशास्त्र. आमच्या यवतमाळच्या आळीत हा शब्द कोणाला धड उच्चारता येत नसे. वडील जिनिंगमध्ये कामाला, ते सोबत्यांना सांगायचे, "पोट्टा मानसं मोजाचं शिकून राह्यला." तसं ते अगदीच चूक नव्हतं. त्या काळी आम्ही खरंच डोकी मोजायचो. कॅलिपर म्हणून एक वाकड्या पायांचा लोखंडी चिमटा असे, त्याने डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यायची, शिवाय घराघराची वंशावळ काढायची. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. हल्ली या डोकी मोजण्याला लोक नाकं मुरडतात, आणि बरोबरच आहे ते. पण तेव्हा आमची डिग्री त्यावर होती.

मला प्रबंधासाठी बोरी अरबजवळचा एक बंजाऱ्यांचा तांडा मिळाला. बोरीत बाजाराला लागून एक कौलारू खोली घेतली होती. खोलीत सोबतीला माझा वर्गमित्र भालू, त्याचा अभ्यास बोरीच्या बाजारावर. मी रोज सकाळी दोन कोस चालत तांड्यावर जायचो. तांड्याचा प्रमुख धनसिंग नायक, पंचावन्नच्या आसपासचा, पांढऱ्या मिशा, बोलायला फटकळ. त्याची म्हातारी आई ऐंशीला टेकलेली. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, म्हणजे आई. मीही याडीच म्हणू लागलो.

माझ्या मार्गदर्शक सरांची अट होती की पन्नाशीवरच्या दहा बायकांची मोजमापं हवीत. आता सांगा, परका तरुण, बाईच्या डोक्याला लोखंडाचा चिमटा लावणार... कोण लावू देईल? पण याडीने वाट काढली. पहिली स्वतः बसली. केसातले चांदीचे घुंगरू बाजूला करून म्हणाली, "मोज रे बावा. आत भुसा निंगाला त सांगजो." बायका खो खो हसल्या आणि एकेक करत बसायला लागल्या. अशा नऊ झाल्या. दहावी काही केल्या मिळेना.

वंशावळ काढताना मी याडीला विचारलं होतं, लेकरं किती. ती म्हणाली, "तीन पोट्टे. अन् एक पोट्टी." तेवढ्यात नायक कडाडला, "ते पोट्टीचं ऱ्हाऊ द्या, मास्तर. लिवू नोका." मी नाव विचारलं. याडी उठून आत गेली ती त्या दिवशी बाहेर आलीच नाही. मी कागदावर एक गोल काढला, वंशावळीत बाईची खूण असते तो, खाली नाव नाही, आणि पुढे सरकलो.

आता माझं पाप ऐका. मंगळवार होता. बुधवारी सगळी कार्डं टपालाने नागपूरला जायला हवी होती. शेवटी जिने कबूल केलं होतं ती दहावी बाई सकाळीच कापूस वेचायला निघून गेलेली. भालू बाजारात. मी खोलीच्या दाराशी बसलो, कोरं कार्ड घेतलं, आणि भरून टाकलं. आळस... दुसरा शब्द नाही त्याला. नायकाची बहीण तर आहेच, मग तिचंच भरू. नाव? पेन टेकवला आणि 'झमकू' असं उतरलं. वय बावन्न. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मुक्काम मारेगाव. मारेगाव का, तर यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर पाटी वाचली होती आणि तिथवर कोणी तपासायला जाणार नाही. मी स्वतः त्या गावाला आयुष्यात गेलेलो नव्हतो. डोक्याची लांबी १७३, रुंदी १३८, नाक ४७ आणि ३६. शाई वाळली, कार्ड गठ्ठ्यात गेलं.

हे किती धोक्याचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या वर्षीच्या एका मुलाने घरी बसून कार्डं भरलेली सापडली होती. सरांनी त्याचं नाव काढून टाकलं आणि शिष्यवृत्ती बंद झाली. माझ्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. माझं नाव कापलं गेलं असतं तर लोक माझ्या एकट्याला नसते हसले. "पहा, यांना शिकवून काय झालं" हे ऐकायला वडिलांना जिनिंगमध्ये रोज जायचं होतं.

पंधरा दिवसांनी सर न कळवता जीप घेऊन बोरीत हजर! कार्डांचा गठ्ठा हातात. मला आणि भालूला घेऊन थेट तांड्यावर. नायकाच्या घरापुढे खाट टाकली, सगळा तांडा जमला. सरांनी चारपाच कार्डं पडताळून पाहिली, ठीक निघाली. मग एक कार्ड वर धरून मोठ्याने म्हणाले, "मारेगाव? एका कार्डासाठी एवढ्या लांब गेलास? शाब्बास! धनसिंग नायक, तुमची बहीण झमकू मारेगावला असते हे तुम्ही बोलला नाहीत."

एका बाईने तोंडावर घुंगट ओढला. नायक उठला, माझ्या शर्टाची गळपट्टी धरून मला गोठ्यामागे घेऊन गेला.

"कोनं सांगतलं तुले नाव?"

"कोणीच नाही..."

"तीस वरसं झाले, ह्या तांड्यात ते नाव कोनी तोंडातून काढलं नाई! आमी तिच्या नावानं तेरावं घातलं, ते जित्ती असताना. लहान लेकरायले त ठावकं बी नाई का मले बयीन हाये. अन् तू म्हनतं कोनीच नाई? तिनंच धाडलं ना तुले? काहून आलता तू आमच्याकडं, खरं सांग!"

नाव बरोबर होतं! माझी पहिली शंका भालूवर गेली. तोच मघाशी कुजबुजला होता, "सुध्या, मारेगावले कधी गेलतास रे? मले त दिसला नाई जाताना." आणि हसला होता. पण नाव तर मीच लिहिलं होतं, भालूने नव्हे. मग मी नकळत कुठे ऐकलं होतं का? तीस वर्षं कोणी उच्चारलंच नाही ते मी कुठून ऐकणार?

तेवढ्यात मागे काठी वाजली. याडी उभी. तिने सगळं ऐकलेलं. नायकाला बाजूला सारून तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "तू पायली तिले? मार बेटी, माही लेक... बरी हाये ना?"

अहो, 'नाही' म्हटलं तर सरांपुढे खोटारडा ठरतो आणि 'हो' म्हटलं तर या म्हातारीला काय सांगतोय मी! मी नुसती होकाराची मान हलवली. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही.

याडी परत फिरली आणि सरांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. नायक आरडाओरडा करत होता की तिने जातीबाहेरच्याशी घरोबा केला, तिला आपण टाकलं, तांडा काय म्हणेल. याडी म्हणाली, "तुह्या बापानं टाकलं, अन् तू टाकलं. मले कोनी इचारलं का? आता मी मराले बसली. चाल म्हनते ना." सरांना हे सगळं अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाचं वाटलं. ते हसत म्हणाले, "चला, कार्डही पडताळून होईल."

निघताना याडी घरात जाऊन एक गाठोडं घेऊन आली. त्यात आरसे लावलेली एक कांचळी होती, बंजारा बायका घालतात ती चोळी. मुलीच्या लग्नासाठी शिवलेली, तीस वर्षं पेटीच्या तळाशी ठेवलेली. रस्ताभर ती त्या आरशांवरून बोट फिरवत होती. मागे नायक माझ्या शेजारी, माझ्याकडे रोखून बघत. एकदा हळूच म्हणाला, "तिथं ते नसंल ना मास्तर, त बुढी वापस यवतमाळपर्यंत बी पोचनार नाई. मंग पाय मी तुले."

यवतमाळला पेट्रोल भरायला थांबलो. आत्ताच सांगायचं, असं ठरवून मी सरांना बाजूला घेतलं. "सर, ते कार्ड..." एवढं म्हणालो आणि जीपमधून याडीने हाक मारली, "मास्तर, तिचे केस पिकले का रे?" "थोडे पिकलेत याडी," असं म्हणालो आणि परत जीपमध्ये जाऊन बसलो. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं.

करंजीवरून मारेगावात पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. चहाच्या टपरीवर सरांनीच विचारलं, झमकू नावाची कोणी बंजारीण इथं आहे का. मी डोळे मिटून घेतले. टपरीवाला कप विसळता विसळता म्हणाला, "झमकूबाई ना? थे काय, कापसाच्या गोदामामागं घर हाये तिचं. एकटीच ऱ्हाते."

मला तेव्हा त्या टपरीवाल्याचाही संशय आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, भालूने सगळं गाव पढवून ठेवलंय.

गोदामामागे एक झोपडी, पुढे सारवलेलं अंगण. एक बाई सुपात तूर पाखडत होती. साधं लुगडं, पण दंडावर हस्तिदंती रंगाची जुनी वाकी, तांड्यातल्या बायकांची असते तशी. जीप थांबली. तिने वर पाहिलं, आणि सगळ्यांत आधी पाहिलं ते माझ्याकडे.

"आला का तू बावा?" ती म्हणाली. "सांगतलं वाटते माह्या याडीले."

मी काही बोलायच्या आत याडी जीपमधून उतरली. सूप खाली पडलं, तूर अंगणभर झाली.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. बंजारा बायका फार दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. मधल्या काळात घरात कोण जन्मलं, कोण गेलं, हे सगळं त्या रडण्यातच एकमेकींना सांगतात. माझ्या वहीत त्यावर चार पानं होती. पण ती पानं आणि हे! याडीने तिच्या मानेवर डोकं टाकून नवऱ्याचं मरण गायलं, मधल्या मुलाचं गायलं, आणि प्रत्येक नावाला ती बाई नव्याने हंबरडा फोडत होती. तिला बाप गेल्याचंही ठाऊक नव्हतं. तिनेही आपलं गायलं, की नवरा गेला, कूस उजवली नाही. मी कार्डावर लिहिलं होतं तेच. आपल्या माणसाखेरीज असं रडणं होत नाही. सोंग असतं तर मी सगळ्यांत आधी ओळखलं असतं, कारण मी तेवढ्यासाठीच टक लावून बघत होतो. नायक पागोटं काढून हातात घेऊन उभा होता. शेवटी तोही पुढे झाला आणि बहिणीच्या पायाशी मटकन खाली बसला.

सगळं शांत झाल्यावर सरांनी कॅलिपर काढला. मला त्यांचा राग आला, पण ते शास्त्राचे माणूस, त्यांचं काही चुकत नव्हतं. झमकूबाईने मुकाट्याने डोक्यावरचा पदर मागे घेतला. सरांनी मोजलं, कार्डाकडे बघितलं, पुन्हा मोजलं. लांबी १७३. रुंदी १३८. नाक ४७ आणि ३६. "एका मिलिमीटरचा फरक नाही," सर म्हणाले आणि माझी पाठ थोपटली.

पोरीचं नाव माणूस अंदाजाने ठोकून देईल. गावही एखाद्या वेळी जुळेल. पण कवटीचं माप?

मी घाबरत तिला विचारलं, "मी कधी आलो होतो, मावशी?"

"पंधरा दिस झाले ना. मंगळवारी. तुह्या चष्म्याची काडी मोडली होती, काया दोऱ्यानं बांधेल होती." ती हसली. "आज बरा दिसतं. नवी लावली वाटते."

माझ्या चष्म्याची काडी त्याच मंगळवारी सकाळी मोडली होती. मी काळा दोरा गुंडाळून तो दिवस काढला आणि गुरुवारी यवतमाळला जाऊन नवी बसवून घेतली. मंगळवारी मी बोरीतून हललो नव्हतो. दुपारी भालू जेवायला आला, आम्ही एका ताटात पिठलं-भाकरी खाल्ली. बोरीहून मारेगावला एस.टी.ने जायला त्या काळी अख्खा दिवस लागायचा.

परतीच्या वाटेवर आम्ही याडी आणि झमकूबाई दोघींना तांड्यावर सोडलं. मग बोरीत मी सरांना बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. म्हटलं, मी मारेगावला गेलोच नव्हतो, कार्ड खोलीत बसून भरलं, माझं नाव काढायचं तर काढा. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुधाकर, मी खोटी कार्डं खूप पाहिली आहेत. मनाने लिहिणाऱ्याचे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर येतात. तुझे तसे नाहीत. तू आज हेलावला आहेस. झोप जा." माझ्या हयातीत मी एकदाच काय ते खरं बोलायला गेलो आणि ते कोणी धरलं नाही!

पुढे मी रीतसर संशय घेतला. भालूला चार वेळा आडवा घेतला, तो शेवटी चिडून बोलेनासा झाला. आमच्या किंवा दुसऱ्या कुठल्या विभागाचा कोणी मारेगावला गेला होता का, तेही पाहिलं. कोणी गेलं नव्हतं. मला झोपेत चालायची सवय आहे का, हेसुद्धा आईला विचारलं. आई म्हणाली, "तुले जागेपनी चालाचा कटाया येते, झोपीत काय चालशीन!"

याडी त्या उन्हाळ्यात गेली, लेकीच्या मांडीवर. प्रबंध पास झाला, पहिला वर्ग मिळाला. बाहेरगावी नोकरी लागली तेव्हा निघायच्या आधी मी एकदा तांड्यावर गेलो, मुद्दाम, झमकूबाईला एकटीला गाठायला. ती घरापुढे बसली होती. म्हटलं, "मावशी, आता तुम्ही घरी आलात, सगळं नीट झालं. आता तरी खरं सांगा. त्या मंगळवारी तुमच्याकडे कोण आलं होतं? कारण मी आलो नव्हतो."

तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, चोर सापडला. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कायले असं बोलतं रे बावा? तू दारात आला, पानी मांगतलं. मी म्हनलं, मी टाकलेली हाये, माह्या हातचं कोनी पेत नाई. तू म्हनला, माह्या बी हातचं कोनी पेत नाई मावशी, द्या. अन् घटाघटा पेला. तीस वरसांत पयला तू. म्हनून तुले माह्यं नाव सांगतलं. अन् आता म्हनतं, मी नाई आलतो?"

दीक्षा घेतली तरी आमच्या वाट्याला पाणी वरूनच पडायचं, ओंजळीत. बोरीत, तांड्यावर, सगळीकडे. हे मी कोणाजवळ बोललेलो नव्हतो. भालूजवळही नाही.

ती माझ्याकडे बघत होती. साऱ्या जगाने टाकल्यावर एका माणसाने तिच्या हातचं पाणी प्यायलं होतं, आणि मी सांगत होतो की तो माणूसच नव्हता.

"आलो होतो, मावशी," मी म्हणालो. "तुमची गंमत केली."

तिने डोळे पुसले आणि आत जाऊन तांब्या भरून आणला. मी तो तोंडाला लावून प्यालो. मी तिला तेव्हा खरं सांगितलं की खोटं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.